ओकायामाची बाग



मागल्या पंधरवड्यात आपल्या वर्गात ‘उ’ या अक्षराचा धडा झाला. उ उसाचा, उ उखळाचा, उ उद्यानाचा. तेव्हा मागच्या ओळीतल्या एका भगिनींनी हात वर केला. त्या म्हणाल्या, “गुरुजी, सिंहगड रस्त्यावरच्या बागेत मी दोन वर्षं खुरपणीला जात होते. रोज त्या पाटीखालून जायची. त्यावर ‘उद्यान’ लिहिलंय हे मला आज कळलं. पण तिथं ‘ओकायामा’ असंही म्हणतात. तो कोण?”

वर्गात हशा पिकला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. ओकायामा हा कोणी माणूस नव्हे, ते जपान देशातले एक शहर आहे. पुण्याची आणि त्या शहराची मैत्री आहे. त्या मैत्रीखातर सिंहगड रस्त्यावर सुमारे दहा एकरांची बाग तयार झाली. ती २००६ साली लोकांसाठी खुली झाली. तिला आपण पु. ल. देशपांडे उद्यान म्हणतो. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान हे तिचेच दुसरे नाव. ती बाग ज्या बागेवरून बेतली, ती मूळ बाग ओकायामा शहरात आहे. तिचे नाव कोराकुएन. वय तीनशे वर्षांहून जास्त. ती थोरली बाग आम्ही डोळ्यांनी पाहून आलो आहो. त्या दिवशी वेळ झाली होती, म्हणून उत्तर आजवर राहिले. आज ते सांगतो.

आमचा एक पुतण्या ओसाका शहरात नोकरीला आहे. त्याने तिकिटे काढून आम्हां उभयतांना बोलावून घेतले. आता आमचे शिक्षण म्हणाल तर जुनी अकरावीची मॅट्रिक. अडतीस वर्षे शाळेत गेली, त्यांतली शेवटची अकरा मुख्याध्यापक म्हणून. आमच्या घरच्या मंडळी चौथी पास आहेत. हे आताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

जपानात पाऊल ठेवले आणि आम्ही निरक्षर झालो. होय, खरेच सांगतो. तिकडे एकाच ओळीत तीन लिप्या चालतात. दोन त्यांच्या स्वतःच्या, आणि तिसरी चिनी अक्षरांची. ही चिनी अक्षरे म्हणजे लहान लहान चित्रेच. त्यांतली दोन हजारांवर अक्षरे तिथली मुले शाळेत शिकतात. आम्हांला एकही येत नव्हते. पहिल्याच सकाळी पुतण्या कामावर गेला. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून साखरेचा पुडा आणला आणि चहा केला. घोट घेतला तर तोंड खारट! तो मिठाचा पुडा निघाला. दोन्ही पुडे पांढरे, दोन्हींवर सुबक छपाई. आयुष्यभर दुसऱ्यांना वाचायला शिकवले, आणि तिथे साखर-मीठ ओळखता येईना. दुकानदाराला विचारायचे होते, पण लाज वाटली. तुम्हांपैकी कितीजण बसची पाटी दुसऱ्याला विचारताना असेच घुटमळत असतील, ते आम्हांला त्या चहाच्या कपाशी प्रथम उमगले. एरवी आम्ही वर्गात फार सहज म्हणत असू, “विचारायला लाजू नका.”

असो. जून महिन्यातल्या एका रविवारी पुतण्या आम्हांला ओकायामाला घेऊन गेला. ओसाकाहून वेगाची आगगाडी पाऊण तासात पोचते. स्टेशनाबाहेर ट्रॅम मिळते. ट्रॅम म्हणजे रस्त्यावरच्या रुळांवरून धावणारी लहानशी गाडी. मुंबईला पूर्वी असे. तिथली शेवटची ट्रॅम १९६४ साली धावली. आम्ही घाईने पुढे होऊन भाड्याची नाणी पुढे केली. गाडीवान हसला आणि हात हलवून नको म्हणाला. तिकडे मागच्या दाराने चढायचे आणि उतरताना पुढच्या दारी भाडे टाकायचे, अशी रीत आहे. ती तिथे लिहिलेली होती. आम्हांला काय त्याचे!

ट्रॅममधून उतरून दहा मिनिटे चालले की नदी लागते. नदीचे नाव असाही. आमच्या मंडळींना हसू आवरेना. “नदीचं नाव असाही? मग दुसरी तसाही असेल!” असाही म्हणजे सकाळचे ऊन, सकाळचा सूर्य. नदीच्या अलीकडच्या काठावर काळ्याभोर रंगाचा किल्ला उभा आहे. त्या रंगामुळे लोक त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. किल्ल्याच्या पायथ्याशी एक पूल आहे. त्या पुलाच्या नावाचा अर्थ ‘चंद्र पाहण्याचा पूल’. पूल ओलांडला की समोर बाग. आम्ही ज्या दाराने आत गेलो त्यावर दोन अक्षरे होती. पुतण्याने दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवले. “काका, हे पाहा. दोन फळ्यांचं दार दिसतंय ना? या अक्षराचा अर्थच दार.” आणि खरेच, उघड्या दाराच्या दोन फळ्या समोरासमोर काढाव्यात तसे ते अक्षर होते. आम्हांला मोठा आनंद झाला. परक्या लिपीतले आमचे पहिले अक्षर! ‘दार, दार’ असे मनाशी घोकतच आम्ही आत शिरलो. पहिल्या अक्षराकडे आम्ही पाहिले नाही.

आता बाग कशी आहे ते सांगतो. एकंदर तेहेतीस एकर जागा. बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फुलांचे वाफे येतात, मधे कारंजे येते, सरळ रस्ते येतात. इथे तसे काही नाही. फुले आहेत, पण आपापल्या जागी. आम्ही गेलो तेव्हा एका पाणथळ तुकड्यात जांभळी आणि पांढरी आयरिसची फुले उभी होती. मोठमोठ्या पाकळ्या, जणू ओला रुमाल वाळत घातला आहे. ही बाग चालत चालत पाहायची असते. वाट सरळ जात नाही. वळते, थोडी चढते, झाडाआड जाते. एका वळणावर तळे दिसते. चार पावले पुढे गेले की तेच तळे झाडांमागे लपते, आणि पुढे निघते ते दुसऱ्याच बाजूने, मधल्या बेटासकट. आम्हांला वाटले ही निराळीच तळी. पुतण्या म्हणाला, “काका, तळं तेच आहे. वाट तुम्हांला फसवते आहे.”

आणखी एक युक्ती आहे. बागेत उभे राहून पाहिले की झाडांच्या वरून तो काळा किल्ला दिसतो. दुसऱ्या अंगाला दूरचे डोंगर दिसतात. किल्ला बागेत नाही, डोंगरही नाहीत. पण झाडे अशी राखली आहेत की तेही बागेचेच वाटावेत. शेजाऱ्याचा डोंगर उसना घ्यायचा आणि परत करायची गरजच नाही! जपानी लोक या पद्धतीला ‘उसना देखावा’ असेच म्हणतात.

जपानी बागांत हिरवळ फारशी नसते. इथे मात्र साडेचार एकर हिरवळ आहे. हिवाळ्यात ती वाळून पिवळी पडते. मग फेब्रुवारी महिन्यात ती चक्क पेटवून देतात. किडीचा नाश होतो आणि नवी पालवी जोमाने फुटते. हे ऐकून आमच्या मंडळी म्हणाल्या, “म्हणजे आपला राब भाजतात तसंच की.” आम्ही मावळातले. राब भाजल्याशिवाय भाताचे रोप होत नाही हे त्यांना कोणी शिकवायला नको. हिरवळीच्या कडेला दोघी बाया डोक्याला टोप्या बांधून गवत वेचत होत्या. हातांत आखूड विळे, अगदी आपल्या खुरप्यासारखे. एकीने कमरेवर हात ठेवून पाठ ताठ केली, तेव्हा तिकडची आणि इकडची खुरपणी एकच हे आम्हांला पटले.

आणि पाणी. बागेचा जीव पाण्यात आहे. सहाशे चाळीस मीटर लांबीचा एक ओढा बागभर वळणे घेत फिरतो. तो तळ्यांना मिळतो, पुन्हा निघतो. ओढा दोन फूटसुद्धा खोल नसेल, पण कुठे तुंबलेला नाही. पूर्वी नदीच्या वरच्या अंगाने, बरेच लांबून पाट काढून हे पाणी आणीत. आता नदीच्या वाळूखालचे पाणी पंपाने उचलतात. एका ठिकाणी तर हा ओढा घरातून जातो. दुमजली लाकडी घर आहे. खालचा मजला चारी बाजूंनी मोकळा. जमिनीच्या मधोमध ओढा, आणि पाण्यात सहा रंगीत दगड मांडलेले. बूट काढून ओढ्याच्या काठी बसायचे आणि पाण्याचा आवाज ऐकायचा. दुसरे काही करायचे नाही. आम्ही तिथे पाऊण तास बसलो. जूनचा उकाडा होता, पण त्या घरात गारवा होता.

त्या दिवशी बागेत गर्दी जास्त होती, त्याचे कारण पुढे कळले. बागेच्या एका कोपऱ्यात शेत आहे! भाताचे शेत. संस्थानिकाच्या बागेत भात कशाला, असे तुम्हांला वाटेल. आम्हांलाही वाटले. पण मुळात या बागेत शेतीच पुष्कळ होती. हिरवळ पुढे वाढत गेली, आणि मधे काटकसरीच्या दिवसांत हिरवळ मोडून पुन्हा शेतेही केली होती. आता आठवणीपुरता तुकडा राखला आहे. त्याची आखणी मोठी मजेची आहे. पाटीवर फुलीगोळा खेळताना आपण दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा मारतो ना? नऊ घरे होतात. तशी नऊ घरांची ही आखणी. फार पुराण्या काळी चीनमध्ये अशी रीत सांगत की आठ बाजूंची आठ शेते आठ कुटुंबांनी आपापली करावी, आणि मधले नववे सगळ्यांनी मिळून राजासाठी करावे. नवव्या शेताचे पीक हाच सारा. त्या रीतीचा हा नमुना.

त्या रविवारी तिथे लावणीचा सण होता. निळ्या कपड्यांतल्या, डोक्यावर गवती टोप्या घातलेल्या बाया चिखलात उतरल्या होत्या. काठावर गाणे चालले होते, आणि त्या तालावर रोप लागत होते. रोप सरळ रेघेत. आमच्या मंडळींनी पायांतल्या चपला काढल्या. आम्ही म्हणालो, “अहो, आपल्याला नाही उतरायचं त्यात.” तेव्हा त्या भानावर आल्या. पाय आपसूक चपलेतून निघाले होते.

आम्हांला मात्र वडील आठवले. १९५३ साली आपल्या सरकारने ‘जपानी पद्धतीची भातलागवड’ अशी मोहीम काढली होती. वाफ्यावर रोप करायचे, लावणी ओळीत करायची, एका चुडात थोडीच रोपे धरायची, ओळींतून कोळपायचे, खत मोजून द्यायचे, असे तिचे नियम. आमचे वडील तेव्हा तरुण होते. गावात ग्रामसेवकाने दोरी आणली. वडिलांनी ती एका टोकाला धरली, आणि आजोबा बांधावरून ओरडले, “दोरीनं भात पिकत असतं तर सुताराचं पहिलं पिकलं असतं!” ही गोष्ट वडील आम्हांला अनेकदा सांगत. त्या जपानी भाताची ओळ आम्ही जपानात, बागेत, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पाहिली.

आता ही बाग कोणी केली? ओकायामाचा त्या वेळचा संस्थानिक इकेदा त्सुनामासा याने ती करविली. काम १६८७ साली सुरू झाले, १७०० साली पुरे झाले. आपल्याकडचा काळ लक्षात घ्या. तिकडे माती पडू लागली तेव्हा इकडे संभाजी महाराजांचे राज्य होते. तिकडे बाग पुरी झाली त्या १७०० सालीच राजाराम महाराज सिंहगडावर वारले.

संस्थानिकाने हुकूम दिला. पण बाग उभी केली ती त्याच्या पदरच्या त्सुदा नागातादा नावाच्या अधिकाऱ्याने. हा गृहस्थ आम्हांला संस्थानिकापेक्षा जास्त आवडला. तो पाण्याचा आणि मातीचा जाणकार. पुराचे पाणी शहरावर येऊ नये म्हणून त्याने दुसरीकडे वाट काढून दिली. समुद्राला बांध घालून शेतजमीन काढली. आणि ऐका, त्यानेच एक शाळाही बांधली. त्सुनामासाचे वडील इकेदा मित्सुमासा यांनी १६७० साली ती शाळा काढली. तिचे नाव शिझुतानी. सरदारांच्या मुलांसाठी निराळी शाळा होती. ही शाळा साध्या रयतेच्या मुलांसाठी होती. १६७० साली, साध्या रयतेच्या मुलांसाठी! आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली, आणि तेवढ्यासाठी त्यांना काय सोसावे लागले हे तुम्हांला ठाऊक आहे.

पुतण्याने हे मोबाइलवर वाचून सांगितले, तेव्हा आम्ही हट्ट धरला की उद्या ती शाळा पाहायचीच. दुसऱ्या दिवशी गेलो. डोंगरात एकांताला आहे. तिथले अध्ययनगृह १७०१ साली पुरे झाले, म्हणजे बागेच्या पाठोपाठ. लाकडी जमीन घासून घासून आरशासारखी झाली आहे. आम्ही मांडी घालून बसलो. पुष्कळ सांगता येईल, पण आज बागेचा दिवस आहे.

तर बागेत पूर्वी कोणाला प्रवेश होता? मालक स्वतः, त्याचे पाहुणे, त्याची माणसे. मात्र ठरावीक दिवशी साध्या लोकांनाही आत येऊन पाहू देत. सुरुवातीला बागेचे नाव साधेच होते. किल्ल्यामागची म्हणून ‘मागची बाग’. १८७१ साली ते बदलून ‘कोराकुएन’ ठेवले. या नावात एक जुनी चिनी शिकवण आहे. राज्य करणाऱ्याने चिंता सगळ्यांच्या आधी करावी आणि सुख सगळ्यांच्या मागून घ्यावे, असा तिचा आशय. नाव फार चांगले आहे. पण आम्हांला एक शंका येते. ओढ्याच्या घरात संस्थानिक बसला असेल, तेव्हा नवव्या शेतात कोण वाकले होते? हे नाव खऱ्या अर्थाने लागू पडले ते १८८४ साली. त्या साली ही बाग संस्थानिकाच्या घराण्याकडून जिल्ह्याच्या सरकारकडे आली आणि दार सर्वांना उघडले.

इथपर्यंत गोष्ट सुखाची झाली. पण बागेवर दोन वेळा मोठा घाला आला. १९३४ साली वादळ झाले, असाही नदीला महापूर आला आणि बाग पाण्याखाली गेली. त्यातून ती सावरते आहे तोच युद्ध आले. १९४५ सालच्या जून महिन्याच्या २९ तारखेला पहाटे अमेरिकन विमानांनी ओकायामावर आगीचे बाँब टाकले. शहर जळाले. सतराशेच्या वर माणसे मेली. काळा किल्ला जळाला. आज दिसतो तो १९६६ साली सिमेंट-काँक्रीटचा पुन्हा बांधलेला. बागेतली बहुतेक जुनी घरे जळून गेली. संस्थानिक ज्या घरात राही, तेही गेले. ओढ्याचे ते दुमजली घर मात्र वाचले. आम्ही ज्या लाकडावर बसलो होतो ते आगीतून वाचलेले लाकूड होते, हे आम्हांला उठल्यावर कळले.

आता विचार करा. घर जळाले, झाडे जळाली. जुनी माणसे मेली. मग ती बाग जशीच्या तशी पुन्हा कशी उभी केली? कुठे कोणते झाड होते, घराला खांब किती होते, हे कोणी सांगायचे? सांगितले कागदांनी. इकेदा घराण्याच्या कारभाऱ्यांना सगळे लिहून ठेवण्याची सवय होती. बागेचे नकाशे होते, रंगवलेली चित्रे होती, नोंदींच्या वह्या होत्या. आज तो सारा दप्तरखाना ओकायामाच्या विद्यापीठात जपून ठेवला आहे. त्या नकाशांवरून आणि चित्रांवरून बाग पुन्हा उभी राहिली. १९५२ साली जपान सरकारने तिला खास राखावयाच्या निसर्गस्थळांत घातले. संस्थानिकाचे घर १९६० साली पुन्हा बांधून झाले.

हे ऐकताना आम्हांला आमच्या गावची विहीर आठवली. गावाच्या वरच्या आळीला एक बुजलेली विहीर होती. म्हातारी माणसे म्हणत, तिला बारमाही पाणी होते. ती नेमकी कुठे, हे फक्त एका आजोबांना ठाऊक होते. ते गेले. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी तीन ठिकाणी खणले. पाणी लागले नाही. विहीर तिथेच कुठेतरी होती. कोणी दोन ओळी लिहून ठेवल्या नव्हत्या.

बागेतल्या करकोच्यांचे सांगायचे राहिले. पांढरे शुभ्र उंच पक्षी, शेपटीकडे काळे, मान काळी, आणि डोक्यावर कुंकवाच्या टिळ्याएवढा लाल ठिपका. पूर्वीपासून या बागेत ते पाळीत. युद्धाच्या धामधुमीत ते नाहीसे झाले. मग १९५६ साली दोन करकोचे आले. ते पाठविले चीनमधल्या ग्वो मोरुओ या विद्वानांनी. ते तरुणपणी ओकायामाच्या विद्यालयात शिकले होते. लक्षात घ्या, १९३७ पासून १९४५ पर्यंत जपानी फौजांनी चीनमध्ये अपार अत्याचार केले होते. त्या जखमा अजून ओल्या होत्या. तरी त्यांनी आपल्या विद्यार्थीदशेच्या गावाला पक्षी पाठविले. आज करकोचे मोठ्या पिंजऱ्यात असतात. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्यांना बागेत मोकळे सोडतात.

या करकोच्यांपायीच आमची फजिती झाली. ती सांगतो आणि संपवतो.

दुपारी आमच्या मंडळी दमल्या. पुतण्या म्हणाला, “काका, तुम्हांला करकोचे पुन्हा बघायचे असतील तर बघून या. आम्ही दारापाशी बसतो.” आम्ही एकटेच गेलो. करकोचे पाहिले. परत निघालो तो जवळच बाण दाखविणारी एक पाटी दिसली. तिच्यावर दोन अक्षरे. दुसरे अक्षर ओळखीचे! दोन फळ्यांचे दार! आमची छाती फुगली. खाली इंग्रजीतही ‘मेन गेट’ लिहिले होते. आपण आलो ते दार मुख्यच असणार, असे आम्ही धरून चाललो. मुख्याध्यापकाला दुसरे कसे सुचावे? दाराशी गेलो. तिथे कोणी नव्हते. वाटले, येतील. अर्धा तास उभे राहिलो. आमचा फोन तिकडे चालत नव्हता. ऊन उतरू लागले. नदी होती, पण पलीकडे काळा किल्ला दिसेना. तेव्हा पोटात गोळा आला. भाषा येत नाही, पुतण्याचा पत्ता पाठ नाही, खिशात थोडी नाणी आणि बागेचा एक छापील नकाशा.

तिकीट तपासणाऱ्या एका वयस्क बाईंनी आमची घालमेल पाहिली. त्या जपानी बोलल्या, आम्ही मराठी बोललो. इंग्रजी दोघांचेही बेताचे. शेवटी आम्ही हातातला नकाशा पुढे केला आणि हातांनी किल्ल्याचा आकार करून दाखविला. त्यांनी पेन घेतले. आम्ही उभे होतो त्या दारापाशी नकाशावर एक गोल केला. मग बागेच्या अगदी दुसऱ्या टोकाला दुसरा गोल. मधून रेघ ओढली. बागेला दोन दारे होती! मग त्यांनी दोन्ही पाट्यांवरची पहिली अक्षरे कागदावर काढून दाखविली. इकडच्या दाराचे पहिले अक्षर पाच काड्यांचे, तिकडच्याचे निराळे. ते म्हणजे दक्षिण. आम्ही दक्षिण दाराने आलो होतो.

त्या रेघेवरून आम्ही निघालो. हिरवळ डाव्या हाताला, तळे उजव्या हाताला, रेघ दाखवील तसे. दक्षिण दारापाशी झाडाखाली आमच्या मंडळी निवांत बसल्या होत्या. पुतण्या आम्हांला शोधायला गेला होता.

“तुम्ही बरोबर दारापाशी कशा आलात?” आम्ही विचारले.

“त्यात काय,” त्या म्हणाल्या. “येताना पाटी पाहून ठेवली होती. दाराच्या अक्षराआधी देवळासारखं एक अक्षर होतं. वर कळस, आत मूर्ती. तुम्ही नुसतंच दार दार करत होता.”

परतीच्या ट्रॅममध्ये भाड्याची नाणी आम्ही त्यांच्याच हाती दिली. त्यांनी ती उतरताना टाकली.